आधीच्या मालकाचे इलाज

जुनी एसयूव्ही विकायला काढलेल्या माणसाला तिचं काय कौतुक सांगू नि काय नको, असं होऊन जातं. टायर नवे आहेत, मागे बघायचा कॅमेरा आहे, सीट कव्हर लेदरचे आहेत, आणि मुख्य म्हणजे गाडी एका डॉक्टरांनी वापरलेली आहे. (आपल्याकडच्या सेकंडहँड गाड्यांपैकी इतक्या गाड्या डॉक्टरांच्या निघतात, की ही मंडळी दवाखान्यात बसतात कधी, असा प्रश्न पडावा.) या कौतुकात दोन गोष्टी कधीही येत नाहीत. हीटर आणि ब्रेक. हीटरचं नाव निघत नाही, कारण त्याची चौकशी करणारं गिऱ्हाईक महाराष्ट्रात अजून जन्माला यायचं आहे. ब्रेकचं निघत नाही, कारण गाडीला ब्रेक असणारच, असं देणारा आणि घेणारा दोघंही धरून चालतात.

घेणाऱ्याची परीक्षाही ठरलेली. टायरला एक लाथ. दार दोनदा आपटून "पत्रा बघ, पत्रा!" एसी फुल. मग सोबत आणलेला मेहुणा बॉनेटखाली वाकतो, इंजिनाकडे बराच वेळ गंभीरपणे बघतो आणि मान डोलावतो. मेहुणा बँकेत असतो. टोकन दिलं जातं, बॉनेटला हार पडतो, पेढे वाटले जातात, चाकाखाली लिंबू चिरडलं जातं. ब्रेकची पहिली खरी चाचणी बहुधा त्यानंतर, खंबाटकीच्या उतारावर होते.

या गाड्या तशा हाडापेराने मजबूत. टाटा सुमो 1994 साली आली, सफारी 1998 साली, बोलेरो आणि क्वालिस 2000 साली, स्कॉर्पिओ 2002 साली. सुमो-सफारी पुण्याच्या कारखान्यातल्या, बोलेरो-स्कॉर्पिओ नाशिकच्या. क्वालिसचं उत्पादन थांबून दोन दशकं उलटली, तरी तिला अजून गिऱ्हाईक आहे. या पुरवठ्यात पुढे दिल्लीची भर पडली. 2015 साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीत 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्या चालवायला मनाई केली, 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, आणि तिथल्या धडधाकट गाड्या ना हरकत दाखला घेऊन इतर राज्यांत निघाल्या. 'दिल्ली पासिंग' गाडी स्वस्त पडते. आरटीओचे हेलपाटे घालून इथला रोड टॅक्स भरेपर्यंत ती तितकीशी स्वस्त राहत नाही, पण तो हिशेब मेहुण्याने केलेला नसतो.

अशी गाडी दारात आली आणि महिन्याभरात कुरकुरायला लागली, की नवा मालक तिच्यातला बिघाड शोधायला निघतो. इथेच गफलत होते. 12-15 वर्षांच्या गाडीत मूळ बिघाड क्वचितच शिल्लक असतो. शिल्लक असतात ते त्यावर आधी झालेले इलाज. कोणीतरी काहीतरी काढून टाकलेलं असतं, कशाला तरी वळसा घातलेला असतो, कुठली तरी वायर कापून तिला चिकटपट्टी गुंडाळलेली असते. त्या वेळी गाडी सुरू झाली, मालक खूश झाला, पुढे विकूनही मोकळा झाला. नव्या मालकाच्या पदरी गाडीबरोबर हा सगळा औषधोपचार येतो आणि त्याची एकही चिठ्ठी आरसी बुकात नसते.

सगळ्यांत लोकप्रिय इलाज म्हणजे थर्मोस्टॅट काढणे. इंजिनातलं पाणी रेडिएटरकडे कधी सोडायचं, हे ठरवणारी ही मुठीत मावेल एवढी झडप. तिच्या आत मेण असतं. पाणी साधारण 82 अंशांच्या आसपास पोचलं की मेण वितळून फुगतं आणि झडप उघडते. तोवर ती सोसायटीच्या वॉचमनसारखी दार अडवून उभी असते. वर्षं सरली की हा वॉचमन कधीतरी दारातच अडकतो, पाणी आतल्या आत उकळतं आणि गाडी गॅरेजला येते. नवा थर्मोस्टॅट फार महाग नसतो. पण तो दुकानातून आणावा लागतो, आणि जुना काढून फेकायला कुठेच जावं लागत नाही. "आपल्याकडे कशाला लागतो हा? थंड देशातली भानगड आहे ती," असं म्हणून मिस्त्री वॉचमनला घरी पाठवतो.

गाडी तापायची थांबते. (बहुतेक वेळा. काही इंजिनांत थर्मोस्टॅट काढला, की बरंचसं पाणी रेडिएटरला टांग मारून परत इंजिनातच फिरतं, गाडी जास्तच तापते आणि मग रेडिएटर बदलला जातो.) आता इंजिन कधी पुरतं गरमच होत नाही. काटा तळाशी रेंगाळतो. थंड इंजिन जास्त डिझेल पितं, म्हणून अ‍ॅव्हरेज पडतं आणि मालक इंजेक्टर साफ करून घेतो. हीटरमधून कोमट वारा येतो, म्हणून दुसरा मिस्त्री हीटरची कॉइल बदलायला सांगतो. काटा हलत नाही, म्हणून तिसरा सेन्सर बदलतो. तिन्ही बिलं भरून झाल्यावरही काटा तळाशीच.

दुसरा इलाज याहून धाडसी. हीटरची कॉइल म्हणजे डॅशबोर्डच्या पोटात दडवलेला छोटा रेडिएटर. इंजिनाचं गरम पाणी त्यातून फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा फुंकतो. हीटर म्हणतात तो एवढाच. आता या पाण्यात कुलंट असावं अशी कंपनीची अपेक्षा असते. प्रत्यक्षात वर्षानुवर्षं त्यात ढाब्यावरच्या नळाचं, शेतातल्या बोअरचं, अडचणीच्या वेळी बिसलेरीचं, असं मिळेल ते पाणी गेलेलं असतं. बोअरच्या पाण्याचे क्षार आणि इंजिनाचा गंज मिळून कॉइलच्या बारीक नळ्या आधी चोंदतात, मग गळतात. ती बदलायची तर बऱ्याच गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड खोलावा लागतो. मजुरी भरपूर, आणि परत बसवलेला डॅशबोर्ड त्यानंतर जन्मभर कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यातून खुळखुळत राहतो. त्यामुळे मिस्त्री कॉइलकडे जाणारे दोन रबरी पाइप बॉनेटखालीच एकमेकांना जोडून टाकतो. हीटर गाडीत असतो, बटणंही असतात, फक्त त्याचा इंजिनाशी संबंध उरत नाही.

"मिस्त्री, हीटर लागत नाही."

"तो काढलाय, साहेब."

"कोणी?"

"आधीच्यांनी. पाणी गळत होतं. आणि तुम्हाला कशाला पाहिजे? मे महिन्यात फुकटच आहे ना."

मिस्त्रीचं एकवेळ सोडून देऊ, पण हीटरची गरज महाराष्ट्रात नाही हे खरं नाही. ऐन पावसात आंबोलीच्या किंवा ताम्हिणीच्या घाटात काचेवर आतून वाफ धरते, तेव्हा गाडीतले सगळे रुमाल, ओढण्या आणि कालचा पेपर घेऊन काच पुसायला धावतात, आणि अर्ध्या मिनिटात काच पुन्हा पांढरी होते. एसी चालू ठेवून तापमानाची खुंटी गरमकडे फिरवली आणि वारा काचेवर सोडला, तर तीच काच पाहता पाहता निवळते. एसी हवेतला दमटपणा काढतो आणि हीटर काच गरम ठेवतो. दुसरा उपयोग भर उन्हाळ्यात, घाट चढताना. काटा लाल पट्टीकडे सरकू लागला, की एसी बंद करून हीटर फुल लावायचा. कॉइल ही शेवटी रेडिएटरच. ती इंजिनाची उष्णता गाडीत ओढते. आतली माणसं घामाघूम होतात, मुलं रडतात, सासूबाई एक शब्दही न बोलता बरंच काही बोलतात, पण काटा थोडा खाली येतो आणि गाडी बाजूला घेण्याइतकी सवड मिळते. पाइप जोडून टाकलेल्या गाडीत ही सोय नसते.

हीटरचं दुखणं ओळखायला लॅपटॉप लागत नाही, हात पुरतो. गाडी वीसेक मिनिटं चालवायची, तापमान गरमवर ठेवायचं आणि मग इंजिन बंद करून बॉनेटखालून डॅशबोर्डकडे जाणारे ते दोन पाइप फडक्याने जपून चाचपायचे. दोन्ही चांगले गरम असतील, तर पाणी नीट फिरतंय आणि दोष आतल्या झडपेचा किंवा तिच्या केबलचा आहे. एक गरम आणि एक गार असेल, तर कॉइल चोंदली आहे किंवा पाण्याचा कॉक बंद अडकलाय. दोन्ही कोमट असतील, तर वॉचमन हजर आहे का ते बघावं. गती वाढवली की डॅशबोर्डमागून ओढा वाहिल्याचा खळखळाट येत असेल, तर पाणी कमी आहे किंवा आत हवा अडकली आहे. रेडिएटरचं काम झाल्यावर हे हमखास होतं. रेडिएटरचं झाकण मात्र गरम इंजिनावर उघडायचं नाही. ते उघडणाऱ्यांच्या हातावरचे डाग जुन्या गॅरेजमध्ये आजही बघायला मिळतात.

याचा उलटा प्रकार जास्त खर्चिक असतो. गरम पाण्याचा कॉक किंवा हवेची झडप उघडी अडकली, तर हीटर बारा महिने चालू राहतो. एसी गार हवा करतो, हीटर तीच पुन्हा तापवतो आणि मालकाला वाटतं, गॅस संपला. गॅस भरला जातो. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा भरला जातो. कॉम्प्रेसर बदलण्याची भाषा सुरू होते. एक ढिली केबल ओढून बसवायला कोणी खाली वाकत नाही, कारण तिथे वाकलं की पाठ धरते आणि बिल होत नाही.

नाकाचाही उपयोग करावा. काचेवर आतून तेलकट थर, गोडसर वास आणि डाव्या सीटच्या पायाशी ओला गालिचा, ही तिन्ही एकत्र दिसली की कॉइल गळतेय. गालिचा नुसत्या बिनवासाच्या पाण्याने ओला असेल, तर एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबलेली असते आणि ती फुंकून साफ होते. बोट ओलं करून चव बघणारे अनुभवी लोक आहेत. त्यांचं अनुकरण करू नये, कुलंट विषारी असतं. ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडला चालत असेल, तर मोटर शाबूत आहे, 'रजिस्टर' (म्हणजे रेझिस्टर) गेलंय. आणि ब्लोअरमधून खडखड येत असेल, तर गाडी कुठल्या झाडाखाली लावतात ते आधी विचारावं. चिंचेचा पाला काचेखालच्या जाळीतून थेट आत जातो, आणि त्यावर उंदीर संसार मांडतात.

हीटर आणि ब्रेक यांचा आपसात काही संबंध नाही असं वाटतं, पण जुन्या डिझेल गाडीत तो एका पट्ट्याचा असतो. पेट्रोल गाडीत ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम इंजिनाच्या ओढीतून मिळतो. डिझेलला ती ओढ नसते, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप द्यावा लागतो, आणि बऱ्याच जुन्या गाड्यांत तो अल्टरनेटरच्याच पाठीवर बसवलेला असतो. वॉटर पंपही अनेकदा त्याच पट्ट्यावर. पट्टा तुटला, की बॅटरीचा दिवा लागतो, पाणी फिरायचं थांबून इंजिन तापतं आणि ब्रेकचं पेडल कडक होतं, सगळं एका झटक्यात. पट्टा शाबूत असला तरी चार्जिंगची तक्रार घेऊन इलेक्ट्रिशियनकडे गेलेली गाडी कधीकधी कडक ब्रेक घेऊन परत येते, कारण अल्टरनेटर बसवताना व्हॅक्यूमचा पाइप ढिला राहिलेला असतो. इलेक्ट्रिशियन म्हणतो, ब्रेक माझं खातं नाही. ब्रेकवाला म्हणतो, बूस्टर गेला.

बूस्टर खरंच गेला का, हे उभ्या गाडीत कळतं. इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा दाबायचा. पेडल कडक होतं. तसाच पाय दाबून ठेवून चावी फिरवायची. इंजिन सुरू होताच पेडल किंचित खाली गेलं, तर बूस्टर ठणठणीत आहे. तसूभर हललं नाही, तर व्हॅक्यूम पोचत नाही किंवा बूस्टरचा पडदा फाटलाय. आता इंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर दाबून धरायचं. ते हळूहळू खाली सरकत गेलं, आणि कुठे गळती दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरचे रबर गेले. पेडल मऊ लागत असेल, तर आत हवा आहे, एअर काढावी लागेल. पहिल्या दाबाला पेडल खोल आणि दुसऱ्याला वर येत असेल, तर बहुधा मागच्या ड्रममधले लायनर ढिले आहेत, अ‍ॅडजस्ट केले की भागतं. या शेवटच्या तक्रारीवर मास्टर सिलिंडर बदलून दिलेल्या गाड्या गावोगावी फिरत आहेत.

गाडी चालायला लागली की कान लावावा. मिस्त्रीसमोर आवाज काढून दाखवायला शिकलेसवरलेले लोक लाजतात, लाजू नये. ब्रेक लावताना बारीक 'चीं' येत असेल, तर पॅड झिजल्याची सूचना देणारी पत्री डिस्कला घासतेय, पॅड बदला. त्या 'चीं'कडे दोन महिने दुर्लक्ष केलं, की ती 'कर्रर्र' होते. म्हणजे आता लोखंडावर लोखंड घासतंय आणि डिस्कही गेली. पायाशी 'फुस्स' झालं तर बूस्टर. रात्रभर पाऊस पडून गेल्यावर सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर येते, ती डिस्कवरच्या गंजाची. तिच्यासाठी सुट्टी टाकू नये. स्टिअरिंग थरथरत असेल, तर डिस्क वेडीवाकडी झिजली आहे.

ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढणं हा मात्र स्वतंत्र अध्याय आहे. त्यात अलाइनमेंट होते, टायर अदलाबदल होतात, कॅलिपर बदलतो, पॅड बदलतात. सुटतो तो चाकाजवळचा रबरी होज पाइप. बाहेरून तो नवा दिसतो. आतून त्याचा थर सुटलेला असतो. पायाच्या जोराने ऑइल चाकाकडे जातं, पण परत येताना अडतं आणि ब्रेक धरूनच राहतो. थोडं अंतर चालवून चाकांजवळ हात न्यावा. एकच चाक भाजत असेल आणि त्या चाकाचा एअर काढायचा निपल सैल करताच ते मोकळं फिरू लागलं, तर दोष होजचा. हा पाइप एवढा स्वस्त असतो, की त्याच्यावर संशय घ्यायला कोणाला सुचत नाही.

सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट ब्रेक ऑइल. ते हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि आपल्या पावसाळ्यात हवेत पाण्याला तोटा नसतो. डॉट 3 दर्जाचं ताजं ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, त्यात 3.7 टक्के पाणी मिसळलं, की ती हद्द 140 अंशांवर येते. डॉट 4चे तेच आकडे 230 आणि 155. आता पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरणारी दोन टनांची गाडी घ्या. ती पाचशे मीटरहून जास्त खाली येते. गती केवळ ब्रेकवर आवरली, तर तेवढ्या उतारात निर्माण होणाऱ्या उष्णतेत तीसएक लीटर पाणी उकळेल. म्हणजे अंघोळीचा बंब भरून. ही सगळी उष्णता चार चाकांशी. जुनं, पाणी प्यायलेलं ऑइल त्यात उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय दाबला की फक्त बुडबुडे दाबले जातात. वाईत पोचून गाडी थंड झाली की ब्रेक पुन्हा छान लागतो, आणि गॅरेजवाला म्हणतो, "काही झालेलं नाही, साहेब, तुम्हाला भास झाला असेल."

तेवढ्यावर भागत नाही, म्हणून डिझेल वाचवणारे काही वीर उतारावर गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करतात. इंजिन बंद म्हणजे व्हॅक्यूम पंप बंद. बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम दोन-तीन ब्रेकपुरता. नंतर दोन टन आणि एक पाय. पॉवर स्टिअरिंगही त्याच वेळी जातं. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या ट्रक ड्रायव्हरांचा नियम या असल्या बचतीपेक्षा स्वस्त पडतो.

शेवटचा इलाज डॅशबोर्डवरचा. एबीएसचा दिवा सतत लागत असेल, तर दोष शोधण्यापेक्षा बल्ब काढणं सोपं. म्हणून गाडी बघायला गेल्यावर चावी 'ऑन'वर फिरवून, इंजिन सुरू न करता थांबावं. सगळे दिवे लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. जो दिवा लागून राहतो तो निदान खरं बोलतो. जो लागतच नाही, त्याची चौकशी करावी.

अशी गाडी घ्यायची असेल, तर सकाळी लवकर जा आणि मालकाला आधी सांगून ठेवा की ती सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं, तर गाडी थंड होईपर्यंत थांबा. काटा तळापासून मधोमध यायला किती वेळ लागतो ते बघा, दोन पाइप चाचपा, पेडलची चाचणी करा, वाटेत एक उतार गाठा. नंतर ब्रेक ऑइलच्या डबीत डोकावून बघा. ऑइल फिकट पिवळं असेल तर ठीक. काळपट असेल, तर सौदा झाल्यावर पहिल्याच आठवड्यात ते बदलून चारही चाकांची एअर काढून घ्या, आणि नवी बाटली सील तोडून तुमच्यासमोर उघडायला लावा. गॅरेजच्या फळीवर महिनाभर उघडी राहिलेली बाटली तुमच्या गाडीतल्या जुन्या ऑइलइतकंच पाणी प्यायलेली असते.